अंगावरून वारे गेल्यावर

आपल्याकडे एखाद्या माणसाची एक बाजू एकाएकी लुळी पडली की घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘अंगावरून वारे गेले.’ शब्दप्रयोग मोठा बोलका आहे, पण त्यात एक खोट आहे. वारे येते आणि जाते. ते गेल्यावर मागे उरते ते नशीब, त्यापुढे माणसाने काय करावे, असा त्याचा ध्वनी निघतो. अर्धांगवायू या शब्दातही तो वायूच बसलेला आहे. वस्तुतः हात लुळा पडतो त्या वेळी हाताला काहीच झालेले नसते. मेंदूला रक्त पुरवणारी एखादी वाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते, आणि त्या भागातल्या पेशी मरू लागतात. हात शाबूत, पाय शाबूत, जीभ शाबूत. त्यांना हुकूम देणारी कचेरी तेवढी बंद पडलेली असते.

पहिल्या काही तासांविषयी अलीकडे वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळू लागले, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, हे शहरातल्या पुष्कळांना आता ठाऊक असते. पण जीव वाचून माणूस घरी आल्यावर पुढच्या सहा महिन्यांत आणि सहा वर्षांत काय करायचे, याविषयी मात्र सामसूम असते. आजचा विषय आहे तो हा काळ.

हा विषय आम्ही पुस्तकातून उचललेला नाही. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या वडीलबंधूंचे उजवे अंग गेले आणि त्याबरोबर वाचाही गेली. दहाव्या दिवशी त्यांना घरी आणले. सोबतच्या कागदावर गोळ्यांची नावे नीट लिहिलेली होती आणि तळाशी एकच शब्द होता : फिजिओथेरपी. ती किती, कसली, किती दिवस आणि कोणी करवून घ्यायची, हे त्या एका शब्दात मावले नव्हते. मग आम्ही घरच्यांनी आपापल्या बुद्धीप्रमाणे सेवा आरंभली. कोणी तेल सुचवले, कोणी कबुतराचे रक्त चोळायला सांगितले; तेवढे मात्र आम्ही केले नाही. दाराच्या चौकटीला कप्पी लावून दोरी सोडली. डाव्या हाताने ओढली की लुळा उजवा हात वर जाई, आणि तो वर गेलेला पाहून आम्हांलाच समाधान वाटे. आठवड्यातून तीनदा एक फिजिओथेरपिस्ट येऊन पाऊण तास व्यायाम करवून घेत. सहा महिने झाल्यावर आम्हांला सांगण्यात आले, ‘आता जे यायचे ते आले.’ आम्ही ते मान्य केले. पुढे सहा वर्षांनी या विषयावरची एक राष्ट्रीय मार्गदर्शिका आमच्या वाचनात आली, तेव्हा कळले की आम्ही श्रद्धेने केलेल्या काही गोष्टी निरुपयोगी होत्या, एखाददुसरी अपायाची होती, आणि जी चालू ठेवायला हवी होती तीच आम्ही सहा महिन्यांत बंद केली. आम्ही डॉक्टर नव्हे. एक पोळलेला वाचक म्हणून जे समजून घेतले ते आपल्यापुढे ठेवीत आहोत.

ही मार्गदर्शिका ब्रिटनची. तिची पहिली आवृत्ती २००० साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने सिद्ध केलेल्या मंडळाकडून निघाली. तेव्हापासून दर काही वर्षांनी ती नवी होत आली आहे, आणि २०२३ साली निघालेली आवृत्ती ही युनायटेड किंग्डम व आयर्लंड या दोन्ही देशांची मिळून आहे. ‘राष्ट्रीय’ म्हणजे ती सरकारी फर्मान आहे असे मात्र नव्हे. तिचे पालन केले नाही म्हणून डॉक्टरला दंड होत नाही. पण एखाद्या रुग्णाच्या बाबतीत डॉक्टरने वेगळी वाट धरली, तर ती का धरली हे त्याला सांगता आले पाहिजे, एवढा तिचा दरारा आहे. लेखक-मंडळात मेंदूचे डॉक्टर असतात, तसेच परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, वाचोपचार करणारे आणि मानसशास्त्रज्ञही असतात. आणि आम्हांला विशेष वाटले ते हे की, ज्यांना हा आजार झाला ती माणसे आणि त्यांची शुश्रूषा करणारे नातेवाईक यांनाही त्या टेबलाशी जागा असते.

या मंडळाची काम करण्याची रीत थोडी समजून घेण्यासारखी आहे. ‘मोठमोठ्या डॉक्टरांचे मत काय?’ असा प्रश्न तेथे आधी विचारीत नाहीत. ‘अमुक उपचाराने तमुक रुग्णाला फायदा होतो काय, आणि ते कशावरून?’ असा विचारतात. कशावरून याचे उत्तर म्हणजे चिठ्ठ्या टाकून केलेले प्रयोग. समजा, एक नवा व्यायाम निघाला. तो ज्यांनी केला ते सुधारले, एवढे सांगून भागत नाही. कारण पक्षाघाताचा रुग्ण पहिल्या काही आठवड्यांत आपोआपही पुष्कळ सुधारतो. त्या काळात त्याला तेल चोळा, ताईत बांधा किंवा नुसते ग्रहमान पाहत बसा, सुधारणेचे श्रेय जो तो आपल्या पदरात घेतो. म्हणून शेकडो रुग्ण घेऊन, कोणाला नवा उपचार द्यायचा आणि कोणाला नेहमीचा, हे चिठ्ठीने ठरवायचे. मग तीन किंवा सहा महिन्यांनी, कोण कोणत्या गटात होता हे ज्याला ठाऊक नाही अशा माणसाने दोन्ही गट तपासायचे. आपल्या मनाची फसवणूक टाळण्याची याहून बरी युक्ती माणसाला अजून सापडलेली नाही. आणि जेथे असा पुरावाच नसतो, तेथे ‘हे आमच्या सहमतीचे मत आहे’ असे मार्गदर्शिका उघड लिहिते.

या रीतीने हाती आलेली पहिली मोठी गोष्ट अशी की, पक्षाघाताच्या रुग्णांना स्वतंत्र कक्षात ठेवल्यास अधिक माणसे वाचतात. १९९३ साली ग्लासगोच्या पीटर लँगहॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवर झालेले दहा प्रयोग, मिळून दीड हजारांवर रुग्ण, एकत्र मांडून हे ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दाखवून दिले. पुढे आणखी प्रयोग झाले आणि निष्कर्ष कायम राहिला. आता कोणी विचारील, त्या कक्षात असे कोणते यंत्र होते? यंत्र कोणतेही नव्हते. गुठळी विरघळवणारे औषधही तेव्हा प्रचारात नव्हते. तेथे होते ते एवढेच : या एकाच आजाराची सवय असलेल्या परिचारिका, आणि निरनिराळ्या विद्यांची माणसे आठवड्यातून एकदा तरी एकत्र बसून प्रत्येक रुग्णाविषयी बोलत. याला गिळता येते का, याला रात्री कुशीवर कोण वळवते, याची बायको त्याला घरी सांभाळू शकेल का, असल्या गोष्टी. आमच्या बंधूंना त्या दहा दिवसांत चार विद्वान माणसे भेटून गेली. ती चौघे एकमेकांना भेटली असतील असे आम्हांला वाटत नाही.

आता एक अशी हकीकत सांगतो की जिच्यामुळे या साऱ्या खटाटोपाविषयी आमचा आदर वाढला. लवकर उठवून बसवलेला, चालवलेला रुग्ण लवकर बरा होतो, हे स्वतंत्र कक्षांच्या अनुभवावरून सर्वांनाच पटलेले होते. मग जितके लवकर तितके चांगले, हे ओघानेच आले. मेलबर्नच्या ज्यूली बर्नहार्ट या फिजिओथेरपिस्ट विदुषींचाही तोच विश्वास होता. त्यांनी तो चिठ्ठ्या टाकून पारखायचे ठरवले. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मलेशिया, सिंगापूर आणि ब्रिटन या पाच देशांतील २१०४ रुग्ण घेतले. अर्ध्यांना पहिल्या चोवीस तासांच्या आत उठवायला सुरुवात केली आणि दिवसातून पुष्कळ वेळा उठवले. बाकीच्यांची नेहमीप्रमाणे व्यवस्था ठेवली. निकाल २०१५ साली लागला. नेहमीच्या व्यवस्थेतले शेकडा ५० रुग्ण तीन महिन्यांनी बऱ्या स्थितीत होते. लवकर आणि जास्त उठवलेल्यांपैकी शेकडा ४६. म्हणजे ज्या गोष्टीवर आपली हयात घालवली, तिचा अतिरेक रुग्णाला बाधतो, हे त्या बाईंनी स्वतःच्याच प्रयोगाने सिद्ध केले आणि तसे छापले. आता मार्गदर्शिका म्हणते की, प्रकृती स्थिर असलेल्या पण हालचालीला आधार लागणाऱ्या रुग्णाला साधारणपणे चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांच्या दरम्यान उठवू लागावे, थोडे थोडे आणि अनेकदा. चोवीस तासांच्या आत फक्त त्यांना, ज्यांना उठायला फारसा आधार लागत नाही.

असे आणखीही झाले आहे. मनाच्या उदासीनतेवर देतात ते फ्लुऑक्सेटीन नावाचे औषध दिल्यास हातापायांत बळ लवकर येते, असे ११८ रुग्णांवरच्या एका फ्रेंच प्रयोगाने २०११ साली सुचवले. पुष्कळ ठिकाणी ते देऊ लागले. पुढे ब्रिटनमध्ये ३१२७ रुग्णांवर तोच प्रयोग झाला. २०१९ च्या त्या निकालात हातापायांना काही लाभ दिसला नाही. उदासीनता काहीशी कमी झाली, पण हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले. यंत्रमानवाच्या साहाय्याने हाताला व्यायाम देण्याचा ब्रिटनमधील ७७० रुग्णांवरचा प्रयोगही त्याच वर्षी नेहमीच्या उपचारापेक्षा सरस ठरला नाही. आमच्या येथे मात्र मोठमोठ्या जाहिराती नेमक्या यंत्रांच्याच असतात.

मग लाभ होतो तो कशाने? उत्तर इतके साधे आहे की ते ऐकून निराशा व्हावी. जे काम पुन्हा करता यायला हवे, तेच काम पुष्कळ वेळा करण्याने. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. परंतु त्यांच्या शेजारच्या पेशी काही अंशी ते काम उचलू शकतात, आणि ते उचलायचे की नाही हे सरावावर अवलंबून असते. कचेरीतला एक कारकून गेला तर त्याचे टेबल शेजारच्याकडे येते. पण टेबलावर कागदच आला नाही तर शेजारच्याला ते काम कधीच येणार नाही. लुळा हात वापरायला गेले की जमत नाही, चहा सांडतो, लाज वाटते. म्हणून माणूस चांगल्या हाताने भागवतो. होता होता लुळ्या हातात थोडी शक्ती आली तरी तो वापरायचे त्याच्या ध्यानातच राहत नाही. एडवर्ड टॉब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने याला शिकून घेतलेली निष्क्रियता असे मानले आणि त्यावर उलटा उपाय काढला. चांगल्या हातालाच जागेपणीचा बहुतेक सगळा वेळ जाड मोजा घालून ठेवायचा आणि दोन आठवडे लुळ्या हाताकडून रोज कित्येक तास काम करवून घ्यायचे. अमेरिकेत २२२ रुग्णांवर हा प्रयोग झाला. त्यांना आजार होऊन तीन ते नऊ महिने लोटले होते. २००६ साली निकाल आला : हात खरोखर सुधारला आणि ती सुधारणा वर्षभर टिकली. ज्यांच्या मनगटाला आणि बोटांना थोडी तरी हालचाल उरली आहे, त्यांच्याचसाठी हा उपाय आहे, हे येथे सांगितले पाहिजे. पूर्ण लुळ्या हाताला तो लागू नाही.

सराव पुष्कळ हवा. पण पुष्कळ म्हणजे किती? ब्रिटनमध्ये आधी असे ठरलेले होते की, ज्या प्रकारचा उपचार लागेल तो प्रत्येक प्रकार किमान ४५ मिनिटे, आठवड्यातून किमान पाच दिवस मिळावा. २०२३ च्या आवृत्तीने ही मर्यादा एकदम वर नेली. हातापायांची हालचाल परत मिळवायची आहे अशा रुग्णाला सगळे उपचार मिळून दिवसाला किमान तीन तास, आठवड्यातून किमान पाच दिवस मिळावेत, आणि उरलेल्या वेळातही हालते राहण्याची सोय अशी व्हावी की एकूण सहा तासांपर्यंत तो कामात असेल. त्याच वर्षी तेथील दुसऱ्या सरकारी संस्थेनेही तीन तासांचीच शिफारस केली. कोणी म्हणेल, आताच सांगितलेत की जास्त हालचाल बाधते. बाधते ती पहिल्या दिवशी, मेंदूची जखम ओली असताना. हे तीन तास आहेत ते त्यानंतरचे, रुग्णाला झेपतील तसे वाटून दिलेले. पक्षाघातानंतर येणारा थकवा हा आळस नव्हे, तो आजाराचाच भाग आहे, हेही मार्गदर्शिका बजावून सांगते.

हे तीन तास कशाच्या विरुद्ध आहेत ते समजण्यासाठी ज्यूली बर्नहार्ट यांचेच एक जुने काम पाहावे. २००४ साली त्यांनी मेलबर्नच्या पाच पक्षाघात-कक्षांत दिवसभर नुसते निरीक्षण केले. रुग्णाशेजारी काय घडते याची ठराविक अंतराने नोंद ठेवली. निम्म्याहून अधिक वेळ रुग्ण खाटेवर पडून होते. ज्या हालचालीने काही सुधारणा होईल अशी हालचाल होती शेकडा १३ वेळात. आणि शेकडा ६० वेळ त्यांच्याजवळ कोणीही नव्हते. उत्तम सज्ज अशा रुग्णालयांतली ही स्थिती. आम्ही आमच्या घरचा हिशोब मांडून पाहिला. आठवड्याला तीन वेळा पाऊण तास म्हणजे सव्वादोन तास. आणि मार्गदर्शिकेचे पंधरा. माणसे सभोवती होती, एकटेपणा नव्हता, एवढेच काय ते आमच्या बाजूला जमेचे.

पण आमच्या त्या जमेतही एक खर्च लपलेला होता, आणि तो म्हणजे सेवा. आपल्या घरांत आजारी माणसाला काही करू न देणे हे प्रेमाचे लक्षण समजतात. ‘दादा, तुम्ही बसा, मी देते’ असे वहिनींनी दिवसातून पन्नास वेळा म्हटले असेल. त्या अंगावर सदरा चढवीत, घास भरवीत, पाण्याचा पेला ओठांशी नेत. ते पन्नास प्रसंग म्हणजे सरावाच्या पन्नास संधी होत्या. सदऱ्याची बाही लुळ्या हातात आधी घालायची, काढताना चांगल्या हातातली आधी काढायची, हे ऑक्युपेशनल थेरपिस्ट शिकवतात. त्याला दहा मिनिटे लागतात आणि पाहणाऱ्याचा जीव कासावीस होतो. तो कासावीस जीव आवरून शेजारी उभे राहणे ही येथली खरी सेवा होती. हे कळेपर्यंत वहिनींची कंबर गेली होती.

आणखी दोन-तीन सवयींविषयी स्पष्ट बोलले पाहिजे, कारण त्या घरोघर आहेत. माणूस कोसळला की आपण पहिल्याने काय करतो? तोंडात पाणी घालतो, नाहीतर चमचाभर साखरपाणी. पक्षाघातात गिळण्याचे स्नायूही दुबळे होतात, आणि ते पाणी पोटात न जाता श्वासनलिकेवाटे फुफ्फुसात उतरते. त्यातून होणारा न्युमोनिया हा या आजारातल्या मृत्यूंचे एक मोठे कारण आहे. मार्गदर्शिका सांगते की, रुग्णालयात आल्यापासून चार तासांच्या आत शिकलेल्या माणसाने गिळणे तपासावे, आणि तोवर अन्न, पाणी किंवा गोळी काहीही तोंडाने देऊ नये. दुसरी सवय, लुळ्या हाताला किंवा काखेत धरून रुग्णाला ओढून उठवणे. खांद्याचा सांधा स्नायूंच्या जोरावर आपल्या जागी राहतो. ते स्नायू सैल पडलेले असताना हात ओढला की खांदा दुखावतो आणि मग महिनोन् महिने ठणकतो. आणि तिसरी आमची कप्पी. या आजारात डोक्यावरून ओढायच्या दोऱ्या आणि कप्प्या टाळाव्यात, असे मार्गदर्शिकेच्या आवृत्त्यांत लिहिलेले आहे. बंधूंचा खांदा दोन वर्षे दुखत होता. तो कप्पीनेच दुखावला हे आता सिद्ध करता येणार नाही; पण ते वाक्य वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून ठेवले होते.

वाचेविषयी थोडे. १८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र येथील रुग्णालयात पॉल ब्रोका या शल्यविशारदाकडे एक रुग्ण आला. त्याला ‘टॅन’ याखेरीज जवळजवळ दुसरे काही बोलता येत नसे. पण बोललेले त्याला पुष्कळसे समजे. तो वारल्यावर त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढल्या भागात ब्रोकाला व्रण आढळला, आणि बोलण्याची जागा मेंदूत कोठे असते याचा पहिला भक्कम पुरावा मिळाला. आज दीडशे वर्षांनंतरही आपण अशा माणसाशी कसे वागतो? एक तर मोठ्याने ओरडून बोलतो, जणू तो बहिरा आहे. नाहीतर त्याच्या देखत त्याच्याविषयी तिऱ्हाइतासारखे बोलतो. आमचे बंधू बँकेत हिशोबनीस होते. त्यांच्या खाटेशी बसून नातेवाईक मिळकतीच्या वाटणीची चर्चा करीत, आणि त्यांना प्रत्येक शब्द कळत होता, हे आम्हांला फार उशिरा उमगले. गणपतीत आरती सुरू झाली तेव्हा ज्यांना स्वतःचे नाव सांगता येत नव्हते ते शब्दांसकट आरती म्हणू लागले, आणि घरातल्या बायका रडू लागल्या. हा चमत्कार नव्हे. पाठ असलेले गाणे आणि मनातून जुळवून काढलेले वाक्य यांच्या वाटा मेंदूत सर्वस्वी एक नाहीत. मार्गदर्शिकेत वाचोपचाराबरोबर घरच्या माणसांना बोलायला शिकवण्याची शिफारस आहे : लहान वाक्ये, एका वेळी एक प्रश्न, ‘हो’ की ‘नाही’ असे उत्तर चालेल असा, जवळ पाटी किंवा चित्रे, आणि उत्तरासाठी थांबण्याची तयारी. यांपैकी थांबणे सर्वांत कठीण जाते.

आता कोणीही विचारील की, हे ब्रिटनचे झाले, आपल्याकडे काय? महाराष्ट्रापुरते बोलायचे तर हा श्रीमंतांचा किंवा शहरांचा आजार नव्हे. गडचिरोलीच्या ८६ खेड्यांत २०११ ते २०१३ या दोन वर्षांत झालेल्या १५९९ मृत्यूंची ‘सर्च’ या संस्थेच्या संशोधकांनी छाननी केली. त्यांपैकी २२९, म्हणजे सातांत एक, पक्षाघाताने झालेले होते. तेवढे मृत्यू दुसऱ्या कोणत्याही एका कारणाने झाले नव्हते. बहुतेक माणसे घरीच गेली. जी वाचली, त्यांच्या तीन तासांची गोष्ट कोणी कोणाशी काढायची? मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून पुनर्वसनाची केंद्र सरकारची मोठी संस्था आहे, पण गडचिरोलीहून तेथे रोज कोण जाणार?

त्यावर एक उपाय सर्वांनाच सुचतो. आपल्याकडे कुटुंब आहे, त्यालाच शिकवावे. हाही विश्वास पारखून पाहण्यात आला, आणि तो आपल्याच देशात. भारतातील १४ रुग्णालयांत १२५० रुग्ण घेतले. चिठ्ठीने निवडलेल्या अर्ध्यांच्या घरच्या माणसांना रुग्णालयात असतानाच व्यायाम, उद्दिष्टे आणि शुश्रूषा शिकवली आणि घरी गेल्यावर दोन महिन्यांपर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. निकाल २०१७ साली, म्हणजे आमचे बंधू पडले त्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी झालेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत शेकडा ४७. काडीचाही फरक नाही. काही लोकांनी यावरून कुटुंबाचा उपयोग नाही असा अर्थ काढला. आम्हांला तो तसा वाटत नाही. घरच्या माणसांची जागरणे, आंघोळी, औषधांच्या वेळा ही दोन्ही गटांत होतीच. या प्रयोगाने दाखवले ते इतकेच की, थोडेसे शिकवून कुटुंबाच्या गळ्यात हे काम बांधले म्हणजे शिकलेल्या माणसांची उणीव भरून निघत नाही. कुटुंब आहे म्हणून थेरपिस्ट नकोत, असे म्हणणाऱ्या योजनाकारांना हे वेळीच सांगितले पाहिजे, कारण तो मार्ग फार स्वस्त दिसतो.

खर्चाचा हिशोब आम्ही आमच्यापुरता करून पाहिला. वीस खाटांचा एक कक्ष धरला, तर रोजचे तीन तास म्हणजे साठ तास. एक थेरपिस्ट दिवसातून पाच तास प्रत्यक्ष रुग्णाजवळ देऊ शकतो असे मानले, तरी एका कक्षाला बारा माणसे हवीत. ब्रिटनलाही ती सहज मिळत नाहीत; तेथल्या रुग्णालयांतही हे तीन तास अद्याप सर्रास दिले जात नाहीत. म्हणून मार्गदर्शिकेने वाट ठेवली आहे ती अशी की, सारा वेळ पदवीधरानेच द्यावा असे नाही. शिकवून तयार केलेल्या साहाय्यकाच्या देखरेखीखालचा सराव त्यात धरावा. आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात एक फिजिओथेरपिस्ट आणि त्याच्या हाताखाली पाच-सहा दहावी-बारावी झालेल्या मुली, एवढ्यावर पुष्कळ आरंभ करता येईल. क्षयरोगाच्या गोळ्या घरोघर पोचवणारी माणसे आपण तयार केली, तेव्हा ही अशक्य गोष्ट नव्हे.

शेवटी त्या सहा महिन्यांविषयी. ‘जे यायचे ते सहा महिन्यांत येते’ हा समज कोठून आला? पहिल्या तीन-चार महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वांत जास्त असतो, मग तो मंदावतो, हे खरेच आहे. पण मंदावणे निराळे आणि थांबणे निराळे. मार्गदर्शिका उपचार बंद करण्याची तारीख देत नाही. गरज आणि उद्दिष्ट पाहावे म्हणते. सहा महिन्यांनी, मग वर्षाने, आणि पुढे दर वर्षी रुग्णाची नव्याने तपासणी व्हावी, आणि साधता येण्यासारखे काही दिसले तर त्याला पुन्हा उपचाराकडे पाठवावे, अशी तिची शिफारस आहे.

हे वाचल्यावर २०२३ च्या दिवाळीनंतर आम्ही बंधूंचा सराव पुन्हा सुरू केला. आजार होऊन सहा वर्षे झाली होती, वय अडुसष्ट. या वेळी व्यायाम ठरवताना एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी प्रथम त्यांनाच विचारले, ‘काका, तुम्हांला काय करायचे आहे?’ उत्तराला बराच वेळ लागला. त्यांनी हनुवटीवर हात फिरवून दाखवला. घरी न्हावी बोलावून दाढी करून घेण्याचा त्यांना मनस्वी कंटाळा आला होता. कोपऱ्यावरच्या दुकानात स्वतः जायचे होते. मग सराव ठरला तो तेवढाच : खुर्चीतून उठणे, उंबरा, तीन पायऱ्या, रस्त्याची कड, रोज दोन वेळा मिळून दीड तास. मार्गदर्शिकेच्या निम्मा. पाचव्या महिन्यात ते काठी घेऊन, आमच्यापैकी एकजण चार पावले मागे चालत असताना, दुकानापर्यंत गेले. उजवा हात काही आला नाही. सही ते आता डाव्या हाताने करतात, आणि बँकेने ती मान्य करायला तीन महिने घेतले.